साडेसात विरुद्ध अर्धा : आमच्या बुद्धिबळ क्लबच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
स. न. वि. वि.

हे सगळं मी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच लिहिणार होते. पण रविवारी सामन्याचा निकाल ग्रुपवर पडला आणि थोड्याच वेळात 'आता फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' अशी ओळ झळकली. त्यामुळे ग्रुपवर तुमचेच निरोप आणि तुमचेच अंगठे उरले. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर कागद लागला : खालच्या पटांवरील सुमार कामगिरीमुळे क्लबची नाचक्की झाली, परतीच्या फेरीसाठी संघाची फेररचना करण्यात येईल. फेररचना म्हणजे काय तेही मग कानावर आलं. वरच्या पटांसाठी तीन खेळाडू बाहेरून मानधन देऊन आणायचे, मुलांच्या दोन पटांसाठी शहरातल्या एका अकादमीतली दोन मुलं घ्यायची आणि आपल्या कोचना नारळ द्यायचा. आठातले पाच बाहेरचे. कार्यकारिणीच्या बैठकीला मला बसता येत नाही आणि वार्षिक सभा मार्चमध्ये, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमच्या लीगमध्ये एका सामन्यात आठ पट म्हणजे आठ डाव असतात, जिंकलेल्या डावाला एक गुण आणि बरोबरीला अर्धा. मी सहाव्या पटावर खेळते. लीगच्या नियमानं संघात एक महिला लागते, ती मी. आपण साडेसात विरुद्ध अर्धा असे हरलो, त्यातला अर्धा माझा आहे. तेव्हा निदान नाचक्कीच्या आरोपातून मी सुटले असं धरून बोलते. तोही अर्धा फार अभिमानानं मिरवण्यासारखा नाही. समोरच्या मुलीची बाजू थोडी वरचढ होती, माझा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला होता. पण तोवर तिचा संघ पाच-शून्यनं पुढे गेला होता. तिनं पंचांसमोर आपल्या कॅप्टनला विचारलं, बरोबरी देऊ का? कॅप्टन खुर्चीतून 'दे' म्हणाला. तिनं हात पुढे केला, मी तो लगेच धरला. अर्ध्या गुणाला आपल्याकडे तशी परंपरा आहे म्हणा. आपल्या व्ही. के. खाडिलकरांनी १९३५ साली सुलतान खान यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला होता. तीन वेळा ब्रिटिश विजेता झालेला, हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलेला माणूस समोर. निकाल साडेनऊ विरुद्ध अर्धा. म्हणजे माझ्यापेक्षा मोठी माणसं माझ्याएवढ्याच गुणांवर उठलेली आहेत.

एक गोष्ट आधीच कबूल. तो संघ आपल्यापेक्षा बलवान होता आणि आपण हरणारच होतो. त्यांच्या वरच्या चार पटांची रेटिंगं, म्हणजे खेळाडूंच्या ताकदीचे आकडे, बघितली तरी ते कळत होतं. माझं म्हणणं मार्जिनबद्दल आहे. पाच-तीनचा पराभव साडेसात-अर्धा कसा झाला, हे तुमच्यापैकी कुणी पटांवर जाऊन पाहिलं नाही. माझ्या चालींच्या मधल्या वेळात आणि डाव संपल्यावर मी पटांवर फिरत होते म्हणून मला ते पाहायला मिळालं.

पहिल्या पटापासून सांगते. आपला सगळ्यात चांगला खेळाडू पुण्याला नोकरी करतो आणि त्याची रात्रपाळी असते, हे क्लबात सगळ्यांना माहीत आहे. सामना रविवारी सकाळी नऊला, तोही परगावी. संघ ग्रुपवर जाहीर झाला शनिवारी रात्री दहाला. तोवर तो कामावर पोचला होता. बिचारा पहाटे सुटून तसाच निघाला आणि नऊ चाळीसला धापा टाकत हॉलच्या दारात उभा राहिला. लीगनं अर्ध्या तासाची सवलत ठेवली आहे, ती साडेनऊला संपली होती. ही सवलत म्हणजे लीगची मेहेरबानी. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांप्रमाणे स्पर्धेनं काही ठरवलंच नसेल तर उशिराची मुभा शून्य मिनिटं असते. एक चालही न खेळता पहिला पट गेला. हा मुलगा आठ दिवस आधी कळवलं असतं तर सुट्टी घेऊन आदल्या रात्रीच तिथे मुक्कामाला गेला असता. मला तो स्वतः म्हणाला.

दुसऱ्या पटाबद्दल लिहिताना जरा जपून लिहिते, कारण तिथे खेळणारे काका मला मोठे आहेत आणि क्लबला त्यांनी वेळोवेळी दिलेल्या देणग्या मला ठाऊक आहेत. हॉलचे पंखे त्यांच्याच पैशांतून आले. पण लीगला संघाची यादी देताना आपण पटांचा क्रम लग्नातल्या पंगतीसारखा, मानापानानं लावला. आधी देणगीदार, मग माजी सचिव, मग उरलेले. काकांची दुसऱ्या पटाची काहीच मागणी नव्हती. त्यांना आठव्यावर बसवलं असतं तर वयाच्या अटीत बसत नव्हते एवढीच अडचण, पाचव्यावर ते खुशीनं बसले असते. तुम्ही त्यांना मान म्हणून दुसऱ्यावर बसवलं आणि समोर आला दोन हजारांच्या पुढच्या रेटिंगचा खेळाडू. पाऊण तासात काका उठले. नंतर बराच वेळ ते बाहेर कट्ट्यावर एकटेच बसून होते. त्यांना मान मिळाला असं मला तरी वाटलं नाही.

कुणी म्हणेल, कमजोर खेळाडू मुद्दाम वर बसवणं हा डावपेच असतो. असतो, आणि तो जुना आहे. वरचा एक पट देऊन टाकायचा, म्हणजे बाकीचे सगळे एकेक पट खाली सरकतात आणि त्यांना समोर तुलनेनं सोपे प्रतिस्पर्धी मिळतात. काही लीगमध्ये हे रोखायला रेटिंगच्या फरकाची मर्यादा घालतात, आपल्या लीगमध्ये ती नाही. पण डावपेच करायचा तर तो ठरवून करावा लागतो, खालच्यांना सांगावा लागतो. आपल्याकडे दहा वाजता फळ्यावर शून्य-दोन लागलं आणि तिसऱ्या पटापासून पुढच्या प्रत्येकाला वाटू लागलं की आता मलाच जिंकावं लागणार. सांघिक बुद्धिबळात माणसं अशीच मरतात.

तिसऱ्या पटावर ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. आपला कॉलेजचा मुलगा काळ्या मोहऱ्यांनी छान खेळत होता. वजिरा-वजिरी झाली होती, दोन्हीकडे एकेक हत्ती आणि घोडा, प्यादी सारखी. समोरच्यानं बरोबरी देऊ केली. मुलानं मान वर केली आणि हॉलभर नजर फिरवली. तो कॅप्टनला शोधत होता. सांघिक सामन्यात कॅप्टनला पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढता येत नाही, पण बरोबरी घे किंवा घेऊ नको एवढं सांगता येतं, आणि त्या एवढ्याशा अधिकारासाठीच तर न खेळणारा कॅप्टन ठेवतात. आपले कॅप्टन त्या वेळी बाहेर फोनवर होते. मुलानं दोन मिनिटं वाट पाहिली, शून्य-दोनचा फळा पाहिला आणि चाल खेळला. नियमानुसार तिथेच बरोबरीचा प्रस्ताव बाद झाला. मग नसलेला विजय काढण्यासाठी त्यानं राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलली, समोरच्याचा घोडा त्या भोकांतून आत शिरला आणि पस्तिसाव्या चालीला खेळ खलास. फलकावरच्या कागदात तिसऱ्या पटाचा उल्लेख नाही. असणार कसा? त्यासाठी कॅप्टन कुठे होते तेही लिहावं लागलं असतं.

चौथ्या, पाचव्या आणि सातव्या पटांची कहाणी एकच, म्हणून एकदाच सांगते. चौथ्या पटावरच्या सरांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांच्या घड्याळात ४८ मिनिटं शिल्लक होती. डावाला एक तास आणि दर चालीला ३० सेकंदांची वाढ. म्हणजे सगळा डाव मिळून सरांनी जेमतेम अर्धा तास विचार केला. पाचव्या आणि सातव्यावरही अर्ध्या तासाहून जास्त वेळ तसाच पडून होता. समोरचे मात्र एकेका चालीला दहा-दहा मिनिटं घेत होते. याचं कारण आपल्याच हॉलमध्ये आहे. आपण रोज संध्याकाळी खेळतो काय, तर पाच मिनिटांचं ब्लिट्झ, तेही चावीच्या जुन्या घड्याळांवर, कारण डिजिटल घड्याळं आठ पटांना पुरतील एवढी नाहीतच आणि आहेत त्यातल्या दोघांचे सेल फुगलेले आहेत. वाढीव सेकंद मिळतात ही सवयच हाताला नाही. ब्लिट्झ वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला स्वतःला ते आवडतं. पण वर्षभर शंभर मीटर पळून अचानक लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलं की जे व्हायचं तेच झालं.

आता आठवा पट. सुमार कामगिरीचा शिक्का ज्याच्यावर सगळ्यात ठळक बसला तो हा मुलगा. वय वर्षं तेरा, सातवी-आठवीतलं पोर. आपल्या आठ जणांत घड्याळ पूर्ण वापरून खेळलेला हा एकटा, आणि सगळ्यात शेवटी उठलेलाही हाच. मी त्याच्या मागे उभी राहून शेवटची वीसेक चाली पाहिल्या. समोरच्याकडे हत्ती आणि राजाच्या उभ्या ओळीतलं एक प्यादं, आपल्याकडे नुसता हत्ती. आपला राजा बरोबर त्या प्याद्याच्या वाटेत ठाण मांडून बसलेला. हा डाव बरोबरीत आहे. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावानं हा बचाव जगभर शिकवतात आणि तो कळायला अर्धा तास पुरतो. हत्ती आपल्या बाजूनं मोजून तिसऱ्या आडव्या ओळीवर आणून ठेवायचा आणि तिथेच डावी-उजवीकडे हलवत राहायचं, म्हणजे समोरच्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. कंटाळून त्यानं प्यादं त्या ओळीवर सरकवलं की आपला हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे त्या राजाला आता लपायला आडोसा नसतो. झालं, बरोबरी.

आपल्या मुलानं हत्ती शेवटच्या ओळीवर, राजाच्या शेजारी आणून ठेवला. त्याच्या दृष्टीनं तो पहारा होता. प्यादं अगदी कडेच्या ओळीत असतं तर तो पहारा पुरलाही असता, पण मधल्या ओळीतल्या प्याद्यापुढे तो पुरत नाही. बारा चालींनी त्यानं स्कोअरशीटवर सही केली, मोहरी पुन्हा नीट मांडली आणि मला विचारलं, "काकू, हा वाचत होता का?" मी हो म्हणाले. मग समोरच्या संघाचे कोच स्वतःहून खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी दोन्ही मुलांना घेऊन तो एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, पटावर पुन्हा लावला. पंधरा-वीस मिनिटं चाललं होतं. आपली मंडळी त्या वेळी क्रुझरमध्ये बसून हॉर्न वाजवत होती, कारण मिसळीचं दुकान दोनला बंद होतं. मुलगा अर्ध्यातून उठून पळत आला.

आणि ह्या मुलाला आपण काढणार. त्याच्या जागी अकादमीतलं मूल आणणार, ज्याला फिलिडोर येतो. अहो, त्या मुलाला तो कुणीतरी शिकवला म्हणून येतो!

कोचबद्दलही दोन शब्द. त्यांची बाजू घेणं मला तितकंसं सोपं नाही, कारण ते वर्गात सापळेच जास्त शिकवतात हे खरं आहे. चार चालींत मात, सात चालींत वजीर. पण त्यांना तसं करायला कुणी लावलं? मागच्या वर्षी त्यांनी दर गुरुवारी फक्त एंडगेम घ्यायचे असं ठरवलं होतं. दोन पालकांनी तक्रार केली की मुलं कंटाळतात, शाळेच्या स्पर्धेत पदकं येत नाहीत. तुम्ही गुरुवार बंद केलात. आता त्याच विषयात पोरं नापास झाली म्हणून मास्तरला घरी पाठवता. शिवाय कपाटातली पुस्तकं. आपल्याकडे एंडगेमची चांगली दोन मराठी-इंग्रजी पुस्तकं आहेत, मी स्वतः वाचली आहेत. कपाटाला कुलूप, किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार संध्याकाळी दुकानात.

बाहेरून खेळाडू आणण्याच्या बेताकडे वळते. तत्त्व म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. जगातल्या मोठ्या लीग परदेशी ग्रँडमास्टरांवरच चालतात आणि तिथे त्यात कुणाला गैर वाटत नाही. पण तिथे खाली दुसरा, तिसरा, चौथा संघ असतो, क्लबची पोरं त्यात खेळतात आणि वर सरकतात. आपला संघ एकच. त्यातले पाच बाहेरचे म्हणजे क्लबचे उरले तीन आणि त्यातली एक मी, जिला नियमानं काढता येत नाही म्हणून. हा संघ जिंकला तर नक्की कोण जिंकलं, ते जाऊ द्या. मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून जो आकडा ऐकला, त्यात आठ पटांना पुरतील एवढी डिजिटल घड्याळं येऊन वर वर्षभराचे गुरुवार निघतात. खजिनदारांनी हिशेब मांडून दाखवावा, माझं चुकत असेल तर मी गप्प बसेन.

मोठ्या पराभवानंतर काय करावं याचं एक उदाहरण माझ्या मनात सारखं येतं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४५ चा सप्टेंबर, महायुद्ध नुकतं संपत होतं. १ ते ४ तारखेला अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात रेडिओवरून सामना झाला. दहा पट, प्रत्येकावर दोन डाव, चाली तारायंत्रासारख्या सांकेतिक खुणांनी न्यूयॉर्क आणि मॉस्कोमध्ये ये-जा करत होत्या. अमेरिकेनं १९३१ ते १९३७ अशी सलग चार ऑलिंपियाड (देशादेशांच्या सांघिक बुद्धिबळ स्पर्धा) जिंकलेली, त्यामुळे त्यांना आपण हरू असं वाटलंच नव्हतं. निकाल साडेपंधरा विरुद्ध साडेचार. त्यांचा राष्ट्रीय विजेता डेन्कर बोटविनिककडून दोन्ही डाव हरला. त्यातला एक तर पंचविशीच्या आसपासच्या चालीतच, कारण तो बोटविनिकनं घरी बसून खणून ठेवलेल्या ओपनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चालींत, सरळ चालत गेला. रेशेव्हस्कीसारखा दिग्गज स्मिस्लोव्हकडून दोन्ही हरला.  रेशेव्हस्की पोटासाठी हिशेबनीस होता आणि त्याच्या संघातल्या बहुतेकांचं तसंच होतं, दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात बुद्धिबळ. पलीकडे कारखान्याकारखान्यांत बुद्धिबळाचे विभाग, सरकारी पाठबळ, मुलांसाठी वर्ग. फरक पटावर दिसला, पण तयार झाला होता तो पटाबाहेर.

पुढच्याच वर्षी, १९४६ च्या सप्टेंबरात, अमेरिकन संघ मॉस्कोला जाऊन पुन्हा खेळला. काही नावं बदलली, पण रेशेव्हस्की, फाइन, डेन्कर, होरोविट्झ, काशदान, स्टाइनर हे सगळे पुन्हा होते. मार खाल्लेलेच लोक परत बसवले. या वेळी निकाल साडेबारा विरुद्ध साडेसात. पुन्हा हरलेच. पण अकरा गुणांचा फरक पाचावर आला. मला वाटतं, आपल्याला परतीच्या फेरीत एवढंच मागायचं आहे.

अगदी अलीकडचंही एक सांगते. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये आपल्या महिला संघानं सुवर्ण जिंकलं, कॅप्टन होते पुण्याचे अभिजित कुंटे आणि नागपूरच्या दिव्या देशमुखनं तिसऱ्या पटाचं वैयक्तिक सुवर्णही घेतलं, हे आपल्याला पाठ आहे. हे मात्र कुणी आठवत नाही की आठव्या फेरीत हा संघ पोलंडकडून हरला होता आणि नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरीत अडकला होता. दोन फेऱ्या अशा गेल्यावर मग चीनला हरवलं आणि शेवटी अझरबैजानला साडेतीन-अर्धा असं धुतलं. त्या दोन रात्री भारतात कुणी सूचना फलकावर कागद लावत बसलं असतं तर?

तिथे आणखी एक गोष्ट कळते. २००८ पासून ऑलिंपियाडमध्ये आधी सामन्याचे गुण मोजतात, पटांचे गुण नंतर. आपल्या लीगमध्येही तेच आहे. साडेसात-अर्धा हरलो काय किंवा साडेचार-साडेतीन हरलो काय, तक्त्यात सामन्याचे शून्यच गुण मिळतात. पटांच्या गुणांचा प्रश्न तक्त्यात दोन संघांचे सामन्याचे गुण सारखे झाले तरच येणार. आपण आज पाचवे आहोत आणि चौथ्या क्रमांकाशी फरक एका सामन्याचा आहे. फलकावरचा कागद वाचून मात्र असं वाटतं की क्लब विकायला काढला आहे.

मुलांच्या रेटिंगवरून सामन्याआधी गाडीत जे विनोद झाले त्यांच्याबद्दलही लिहिणं भाग आहे. समोरच्या सातव्या पटावरच्या मुलाचं रेटिंग चौदाशे ऐंशी, 'हा तर आपल्या खिशात' असं आपल्याच एका ज्येष्ठांनी जाहीर केलं. फिडेनं १ मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादा हजारावरून चौदाशेवर नेली आहे. वर्षाला एखाददुसरी रेटिंग स्पर्धा खेळणारं, पण रोज तीन तास सराव करणारं पोर त्या आकड्याच्या कितीतरी पुढे खेळत असतं. त्या मुलानं आपल्या सातव्या पटाला तीस चालींत गुंडाळलं. खिसा कुणाचा ते कळलं.

महिला पटाबद्दल मी बोलणार नव्हते, पण फेररचनेच्या चर्चेत 'तो पट सक्तीचाच आहे, तिथे काही करता येत नाही' असं म्हटलं गेलं म्हणून बोलते. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा बंगळुरात झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. पुढची दहाएक वर्षं ते विजेतेपद तिघी खाडिलकर बहिणींच्या घरातच फिरत राहिलं. १९७६ साली धाकट्या रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं. महिलांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्णय युवेंनी दिला. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्या जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आपण चौकात फ्लेक्स लावला. त्यावर दहा पदाधिकाऱ्यांचे फोटो होते आणि कोपऱ्यात दिव्याचा, सगळ्यांत लहान. क्लबच्या वर्गात आज मुली किती येतात, हे सचिवांनी हजेरीपट बघून एकदा सांगावं.

सांगली आपल्यापासून काही लांब नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या आणि पिढ्यांमागून पिढ्या मुलं पटावर बसवली. त्यांच्याकडे पैशांचा पूर नव्हता. आपल्यातल्या दोघातिघांनी तिथल्या स्पर्धा खेळल्या आहेत, मी त्यांच्यातली एक. तिथे हरलेल्या मुलाला कुणी घाईनं गाडीत कोंबल्याचं मला आठवत नाही.

माझं मागणं थोडक्यात असं. परतीच्या फेरीआधी यादी एकदाच बदलता येते, ती बदला, पण नावं तीच ठेवून क्रम बदला. ताज्या रेटिंगप्रमाणे लावा आणि काकांना मी स्वतः भेटून समजावते, ते नाही म्हणणार नाहीत. संघ आठ दिवस आधी जाहीर करा. कॅप्टन असा नेमा जो सामना संपेपर्यंत हॉलमध्ये बसेल. फोन बाहेर ठेवायचा नियम खेळाडूंना आहेच, त्यांनाही लावा. कोचना गुरुवार परत द्या आणि पालकांची तक्रार आली तर माझ्याकडे पाठवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी ब्लिट्झ बंद, एक तास अधिक ३० सेकंदांचा एकच डाव, स्कोअरशीट लिहून. कपाटाची किल्ली हॉलच्या शिपायाकडे. ग्रुप पुन्हा सगळ्यांसाठी उघडा. आणि फलकावरचा तो कागद काढा, कारण ती दोन मुलं रोज त्याच्यासमोर चपला काढतात.

परवा शनिवारी चार वाजता मी हॉलवर येणार आहे. आठव्या पटाच्या मुलाला बोलावलंय, सातव्याचीही यायची आहे. मोहरी आणि पट आहेत, घड्याळाचे नवे सेल मी घेऊन येते. खजिनदारांनी तेवढी किल्ली आधी सोडावी.

आपली,
सहाव्या पटावरची सभासद